माध्यमाचा वाद : तीन जुने प्रश्न

सीमाभागात मराठी शाळेचा विषय निघाला की आपण दोन गोष्टी पुढे करतो : राज्यघटनेचे कलम ३५०-अ आणि चाळीस विद्यार्थ्यांचा जुना निकष. वकिली व्यवसायात असल्याने दोहोंचे मोल आम्हांला ठाऊक आहे. परंतु मुलाचे पहिले शिक्षण मातृभाषेतूनच का व्हावे, याचे उत्तर त्यांत नाही. ते शिक्षणाच्या तत्त्वज्ञानात शोधावे लागते. शिक्षण कशासाठी, कोणासाठी, आणि त्याचा निर्णय कोणी करावा, हे त्या शास्त्राचे मूळ प्रश्न होत. बी.एड.च्या वर्गात ते रूसो, पेस्तालोझी, ड्यूई यांच्या नावांनी शिकवले जातात. मुंबई इलाख्यात मात्र त्यांचा खल पावणेदोनशे वर्षांपूर्वीच, मराठीला निमित्त करून, सरकारी टिपणांतून झालेला आहे.

पेशवाईच्या अस्तानंतर मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२३ साली शिक्षणाविषयी जे टिपण लिहिले, त्याचा रोख देशी भाषांतील शाळा आणि देशी भाषांतील पुस्तके यांकडे होता. १८४० साली शिक्षणाचा कारभार बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे आला आणि काही वर्षांतच सर अर्स्किन पेरी त्याचे अध्यक्ष झाले. पेरी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. त्यांची मांडणीही न्यायालयातील युक्तिवादासारखी बांधेसूद होती : पैसा थोडा आहे, थोड्या पैशांत सर्वांना शिकवणे अशक्य, म्हणून वरच्या वर्गातील मोजक्यांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, त्यांच्याकडून ज्ञान खाली झिरपेल, आणि देशी भाषांत आधुनिक विद्येचे ग्रंथ नाहीत.

या मांडणीला कर्नल जॉर्ज जर्व्हिस यांनी विरोध केला. ते लष्करी अभियंते होते आणि गणिताची पुस्तके मराठीत आणण्याचे काम त्यांनी स्वतः केले होते. मराठीत शास्त्र सांगता येत नाही, हे त्यांना कोणी पटवून देणे शक्य नव्हते. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे बोर्डाचे तिन्ही एतद्देशीय सदस्य त्यांच्या बाजूने उभे राहिले. एक मराठी, एक पारशी, एक मुसलमान. तिघांच्या घरच्या परंपरा भिन्न. तरीही बहुजनसमाजापर्यंत ज्ञान पोहोचायचे असेल तर ते त्याच्या भाषेतूनच पोहोचेल, यावर त्यांचे एकमत होते. इंग्रजी शिकू नये, असे त्यांपैकी कोणाचेच म्हणणे नव्हते. १८४८ साली सरकारचे उत्तर आले ते देशी भाषांकडे झुकणारे, पण मोघम. दोन्ही पक्षांनी त्याचा आपापल्या सोयीचा अर्थ लावला. मोघम आदेशाचे पुढे काय होते, हे आम्ही रोज न्यायालयात पाहतो.

१८५४ च्या वूड यांच्या खलित्याने तडजोड केली : उच्च शिक्षण इंग्रजीतून, सामान्य जनांचे देशी भाषांतून. कागदावर ही वाटणी न्याय्य दिसते. प्रत्यक्षात तिने शिक्षणाचे दोन मजले बांधले. खालचा मजला मराठीचा, वरचा इंग्रजीचा. आणि नोकरी, मान, सत्ता ही सारी वरच्या मजल्यावर. आज जो पालक मराठी शाळा सोडून इंग्रजी शाळेच्या दारात उभा राहतो, तो हाच जिना चढू पाहत असतो. त्याला भाषाद्रोही ठरवण्यापूर्वी जिना कोणी बांधला, हे आठवावे.

या वादात राहून गेलेला प्रश्न महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडला. शेतकऱ्याच्या कष्टातून सरकारी तिजोरी भरते आणि ती वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर रिती होते, हा त्यांचा आक्षेप होता. ज्ञान झिरपते हे गृहीतकच त्यांनी नाकारले. प्राथमिक शिक्षण एका वयापर्यंत सक्तीचे करावे आणि त्यात मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीचेही प्राथमिक ज्ञान असावे, अशी त्यांची मागणी होती. कोणती भाषा, यापाशी न थांबता शिक्षण कोणाच्या उपयोगाचे, हे त्यांनी विचारले. आमच्या मते या साऱ्या वादातील सर्वांत तात्त्विक कागद हाच होय.

महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाने यापुढे दोन संस्थानांकडे पाहावे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड हे मराठी राजे, पण प्रजा बहुतांशी गुजराती. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. राजाची भाषा मराठी म्हणून गुजराती मुलावर ती लादली गेली नाही. उलट हैदराबाद संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. आधुनिक विद्या भारतीय भाषेतून शिकवता येते, हे त्याने उर्दूच्या द्वारे सिद्ध केले. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारले. जर्व्हिस यांनी पाहिले असते तर त्यांना आनंदच झाला असता. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजेची घरची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला इंग्रजीऐवजी आणखी एका परक्या भाषेतून पदवी घ्यावी लागली. ‘देशी भाषा’ हा शब्द पुरेसा नाही, देशी पण कोणाची, हे विचारावेच लागते, असा धडा या उदाहरणाने दिला. सीमाभागातील आपली तक्रार याच जातीची आहे.

स्वातंत्र्यानंतर हा धडा काही अंशी कायद्यात उतरला. १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले की शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले अन्यभाषक असतील, तर त्यांच्या मातृभाषेतून शिकवण्याची सोय करावी. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आले. त्याची भाषा मात्र नीट वाचावी : राज्याने पुरेशा सोयींसाठी प्रयत्नशील राहावे, असे ते म्हणते. प्रयत्न किती केले म्हणजे पुरे, हे ते सांगत नाही.

निर्णय कोणी करावा, या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते ६ मे २०१४ रोजी. कर्नाटक शासनाने १९९४ साली काढलेल्या आदेशानुसार पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडमधून देणे बंधनकारक होते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडणे हा कलम १९(१)(अ) च्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. मुलाची मातृभाषा कोणती, हे पालक ठरवतील. आणि कलम ३५०-अ चा आधार घेऊन राज्य मातृभाषेची सक्ती करू शकत नाही. मातृभाषेतील शिक्षणाचे शैक्षणिक श्रेष्ठत्व न्यायालयाने खोडले नाही. ते निवडीचे कारण असू शकते, सक्तीचे नव्हे, एवढेच त्याने म्हटले.

हा निकाल दुधारी आहे. उद्या कोणी आपल्या मुलावर दुसरी भाषा लादू लागला, तर याच निकालाची ढाल आपल्या हाती आहे. पण त्याच निकालाने मराठी शाळेचे भवितव्य आपल्या हाती सोपवले आहे. शाळेचा पट कमी झाला तर त्याचा दोष केवळ बंगळुरूच्या माथी मारता येणार नाही.

मग पालकाला काय सांगावे? अस्मितेचे आवाहन पुरेसे नाही. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांना ज्यांनी शिकवले, त्या जॉन ड्यूई यांनी शिक्षणाला अनुभवाची सतत होणारी पुनर्रचना म्हटले. सहा वर्षांचे मूल शाळेत रिकाम्या हाताने येत नाही. मोजणे, नावे ठेवणे, कारण विचारणे, गोष्ट सांगणे हे सारे ते घरच्या भाषेत करू लागलेले असते. शाळेने ती भाषा नाकारली की त्याचा अनुभवच शाळेबाहेर राहतो, आणि मग पाठांतर उरते. याच पायावर उत्तम इंग्रजी आणि उत्तम कन्नडही शिकता येते. त्या दोन्ही शिकवण्याची हमी आपल्या मराठी शाळांनी दिली पाहिजे. १८५४ चा जिना मोडण्याचा दुसरा उपाय आम्हांला दिसत नाही.

न्यायालयात आम्ही कलमांनिशी लढू, लढतच आहोत. परंतु जूनमध्ये मुलाचे नाव घालायला निघालेला पालक कलम वाचत नाही. त्याच्यापुढे शंकरशेटांचा आणि फुल्यांचा युक्तिवाद नव्याने मांडावा लागेल, आणि तो खरा करून दाखवणारी शाळाही उभी करावी लागेल.