पांढऱ्या भिंतीचं कूळ

रंगाच्या दुकानात शेड कार्ड उघडलं की पहिली कित्येक पानं पांढऱ्याच्याच छटांची असतात. मोतिया, हस्तिदंती, मलई, शंखासारखा पांढरा, चंदनी पांढरा. नावं दर दोन-चार वर्षांनी बदलतात, छटा फारशा बदलत नाहीत. घर रंगवायला काढलेल्या माणसाला मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: हौस म्हणून एका भिंतीला यंदाचा चलतीचा रंग द्या, बाकीच्या तीन भिंतींना सदाबहार फिकट रंग द्या, म्हणजे पस्तावायची वेळ येणार नाही. सल्ला वाईट नाही. पण काही रंग मुळातच चिरकाल टिकणारे आणि काही मुळातच चार दिवसांचे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. भिंतीच्या रंगांचा इतिहास पाहिला की हे गृहीत डळमळतं. आज आपण ज्यांना सदाबहार म्हणतो ते बहुतेक रंग चुन्याने घालून दिलेल्या चौकटीत बसणारे रंग आहेत, आणि रंगाची फॅशन म्हणजे बऱ्याचदा एखादं नवं रंगद्रव्य स्वस्त झाल्याची बातमी असते. डोळ्यांची आवड या दोन्हींच्या मागोमाग आली.

सुरुवात चुन्यापासूनच करायला हवी. चुनखडी, किंवा कोकण-गोव्यात शिंपल्या, भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजल्या की त्यांतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतलं की तो खदखदून विरतो. विरलेला चुना पातळ करून गाळायचा, त्यात डिंक, मीठ किंवा तांदळाची पेज घालायची आणि कुंच्याने भिंतीला दोन-तीन हात द्यायचे. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषत तो हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. ओला हात जवळजवळ पारदर्शक दिसतो, नवख्याला वाटतं की चुना फारच पातळ झाला. याचं कारण प्रकाशाच्या वळण्यात आहे. पाणी आणि चुन्याचे कण प्रकाशाला बऱ्यापैकी सारखंच वळवतात, त्यामुळे ओल्या थरातून तो आरपार जातो. पाणी उडून त्या जागी हवा शिरली की मात्र तो कणाकणावर विखुरतो, आणि भिंत पांढरी होते. हा पांढरा सपाट नसतो. त्यात कुंच्याच्या रेघा, कमी-जास्त जाडी आणि किंचित पिवळी झाक असते. ही झाक पुढच्या कथेत महत्त्वाची आहे.

चुन्याची दुसरी बाजू कडक आहे. तो इतका आम्लारिधर्मी असतो की त्यात मिसळलेले बहुतेक रंग मरतात. हळदीत चुना कालवला की ती कुंकवासारखी लाल होते, हे आपल्याकडे घरोघरी माहीत होतं, म्हणजेच हळदीने भिंत पिवळी करायचा मार्ग चुन्याने बंद केला होता. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तयार झालेला प्रशियन निळा कागदावर आणि तैलचित्रात शोभला, पण चुन्यात घातला तर त्याचं विघटन होऊन तांबूस गंजासारखा गाळ उरतो. चुन्याला टिकले ते मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडचे रंग: गेरू, काव, पिवडी. हे मातीचेच रंग असल्यामुळे स्वस्त, आणि उन्हाने न विटणारे. कोकण आणि गोव्यातल्या देवळांतलं, घरांतलं कावीकाम याच जोडीवर उभं आहे. तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. आणखी एक मर्यादा होती, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. चुना स्वतःच चिकटवणारा पदार्थ असल्याने त्यात रंग घालण्याला हद्द असते. वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास गेलं की भिंतीला हात लावताच रंग हाताला लागतो. शिवाय वाळल्यावर रंग ओल्यापेक्षा बराच फिका पडतो. जुन्या चाळींतल्या आणि वाड्यांतल्या खोल्यांचे फिके पिवळे, फिके गुलाबी, पिस्ता रंग आपल्याला आज सौम्य अभिरुचीची खूण वाटतात. ती अभिरुची होतीच, पण त्या भिंतीवर याहून गडद रंग धरलाच नसता.

इथे अजिंठा आडवा येतो. तिथली चित्रं ओल्या चुन्यात रंगवलेली नाहीत. मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी ती पद्धत. तरीही रंगपेटी जवळपास तीच: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा. मग सगळं श्रेय चुन्याला कसं द्यायचं? आक्षेप रास्त आहे, आणि त्याने विधान थोडं सुधारायला लागतं. चुना ही एकच चाळणी नव्हती. प्रकाशात टिकणं आणि हाताशी पुरेसं मिळणं या आणखी दोन चाळण्या होत्या, आणि तिन्हींतून खाली येणारी माती एकच होती. अजिंठ्यातला निळा याची उलट साक्ष देतो. तो लाजवर्दाचा, म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेल्या दगडाचा. म्हणून काही लेण्यांतच दिसतो आणि हात राखून वापरलेला आहे. इटलीतल्या भित्तिचित्रांची आणि आपल्याकडच्या भिंतींची रंगपेटी एकमेकींशी मिळतीजुळती दिसते तेव्हा मानवी मनाच्या सनातन ओढीचा दाखला शोधायची घाई करू नये. भिंत आणि माती दोन्हीकडे जवळपास एकच होती.

तो लाजवर्दी निळा घराघरात कसा शिरला, ही या कुळातली सगळ्यात चमत्कारिक शाखा. युरोपात हा रंग चित्रकारांना सोन्याच्या तोडीचा पडायचा. १८२४ मध्ये पॅरिसच्या एका उद्योगप्रोत्साहक संस्थेने तो कृत्रिम रीतीने, स्वस्तात बनवणाऱ्यासाठी ६००० फ्रँकचं बक्षीस लावलं. १८२८ मध्ये ते झाँ-बाप्तिस्त गिमे यांना मिळालं. त्याच वर्षी जर्मनीत ट्युबिंगेनच्या ग्मेलिन यांनी आपली वेगळी कृती प्रसिद्ध केली. चिनीमाती, सोडा, गंधक आणि कोळसा भाजून बनणारी ही पूड काही दशकांतच इतकी स्वस्त झाली की ती कपडे धुण्याच्या पाण्यात पडू लागली. रेकिटची निळीची पुडी हिंदुस्थानभर पोहोचली. ही नीळ आम्लात मरते, पण चुन्यात तगते. त्यामुळे सफेदीच्या बादलीत चिमूटभर नीळ टाकायची रीत बसली. चुन्याची पिवळसर झाक निळ्याने दबते आणि भिंत ‘जास्त’ पांढरी दिसते. खरं तर ती किंचित काळवंडलेली असते, कारण नीळ प्रकाश खाते. डोळा मात्र निळसर पांढऱ्याला स्वच्छ समजतो. चिमटीऐवजी मूठ पडली की आकाशी भिंत तयार. जुन्या घरांतली आकाशी खोली ही अशी प्रयोगशाळेतली लेक आहे. आजोबांच्या काळापासूनचा म्हणून आपण जो रंग पारंपरिक मानतो, तो १८२८ च्या आधी सामान्य माणसाच्या भिंतीवर परवडलाच नसता. एकेकाळची फॅशन इतकी जुनी झाली की परंपरा म्हणून खपली.

सगळ्याच फॅशनींना असं भाग्य लाभलं नाही. स्वीडनच्या कार्ल शेल यांनी १७७५ मध्ये तांबं आणि आर्सेनिक यांपासून झगझगीत हिरवा बनवला, १८१४ पासून त्याचा अधिक टिकाऊ भाऊबंद श्वाइनफुर्टहून बाजारात आला, आणि एकोणिसाव्या शतकात युरोपच्या दिवाणखान्यांतले भिंतीचे कागद हिरवेगार झाले. दमट भिंतीवर बुरशी चढली की त्या कागदातून विषारी वायू सुटतो, हे इटालियन वैद्य बार्तोलोमेओ गोसिओ यांनी १८९० च्या दशकात दाखवलं. तोपर्यंत हा हिरवा मागे पडलाच होता. तो नजरेला नकोसा झाला म्हणून गेला असं म्हणवत नाही. रसायनाने आणलेला रंग रसायनानेच घालवला.

श्रीमंतांची घरं या सगळ्याला अपवाद होती, असा आक्षेप येईल. पॉम्पेईच्या घरांत लालभडक आणि काळ्या भिंती होत्या, वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भित्तिचित्रं आहेत. तेव्हा पांढरी भिंत म्हणजे फक्त गरिबाची लाचारी का? पूर्णपणे तशी नाही, पण ऐपतदार माणूस कोरी पांढरी भिंत मुद्दाम निवडत नव्हता, हे या उदाहरणांवरून दिसतंच. पांढऱ्याला प्रतिष्ठा मिळाली ती दुसऱ्या वाटेने, रोगाच्या. १८९६ मध्ये मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग पसरला तेव्हा घरं रिकामी करणं, जंतुनाशकाने धुणं आणि आतून चुना मारणं हा सरकारी मोहिमेचा भाग होता. त्या मोहिमेतल्या दांडगाईचा शेवट पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या वधात झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. चुन्याच्या बादलीची आठवण कोणी काढत नाही. चुना खरोखरच जंतू मारतो, त्यामुळे दवाखाना, शाळा, बराक, चाळ इथे तो वर्षाआड नेमाने लागू लागला आणि पांढरी खोली म्हणजे निरोगी खोली हे समीकरण जगभर पक्कं होत गेलं. वास्तुकार ल कॉर्बुझिए यांनी १९२५ मध्ये घरोघरचे भिंतीचे कागद आणि पडदे काढून त्या जागी ‘रिपोलिन’ या तयार रंगाचा पांढरा हात मारावा असं लिहिलं, त्यातही नैतिक स्वच्छतेचाच सूर होता. गंमत अशी की त्याच सुमारास पूर्ण झालेल्या त्यांच्या पॅरिसमधल्या ला रोश घरात आतल्या भिंती तपकिरी, मातकट, करड्या-निळ्या आहेत, आणि १९३१ मध्ये त्यांनी एका कंपनीसाठी ४३ छटांचा संच बांधून दिला. पांढऱ्याच्या प्रचारकालाही नुसत्या पांढऱ्यात राहणं जमलं नाही.

आजचा झळझळीत पांढरा या चुन्याचा वारस म्हणवतो, पण रक्ताचं नातं नाही. तेलरंगात चुन्याची पूड पारदर्शक होते, म्हणून तिथे शिशाचा सफेता लागायचा, आणि तो रंगाऱ्याच्या अंगात भिनायचा. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्यावर निर्बंध घालणारा करार केला. जवळपास त्याच काळात, १९१६ च्या सुमारास, नॉर्वे आणि अमेरिकेत टायटॅनियम डायऑक्साइडचं उत्पादन सुरू झालं. हे द्रव्य प्रकाशाला इतकं वळवतं की तेलात असो वा प्लास्टिकच्या लगद्यात, दोन हातांत खालचं सगळं झाकतं. ते येतं इल्मेनाइट नावाच्या काळ्या वाळूतून. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ती आहे, केरळात तर भरपूर आहे, आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे तिरुवनंतपुरमला तिच्यावर कारखाना उभा राहिला. त्याआधी १९४२ मध्ये, युद्धामुळे परदेशी रंगांची आवक आटली असताना, गिरगावातल्या गायवाडीत एका गॅरेजमध्ये चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली होती. पुढे डिस्टेंपरने चुन्याला हटवलं, आणि लोक ज्याला प्लास्टिक पेंट म्हणतात त्या ॲक्रिलिक इमल्शनने डिस्टेंपरला. नव्वदच्या दशकात दुकानांतून रंग कालवणारी यंत्रं आली आणि हजारो छटा मागाल तेव्हा मिळू लागल्या.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. यंत्रात जर कुठलाही रंग जवळपास सारख्याच भावात मिळतो, चुन्याची कुठलीच मर्यादा उरलेली नाही, आणि तरीही लोक फिका मातकट पांढराच निवडतात, तर तो रंग खरोखरच डोळ्याला सुखावणारा आहे असं का मानू नये? काही अंशी मानायलाच हवं. फिकी भिंत उजेड परत फेकते, लहान खोलीत ते हवंच असतं, आणि तिच्यापुढे कुठलंही फर्निचर चालतं. पण हे कारण फिकेपणाचं झालं, त्या ठरावीक पिवळसर, तांबूस छटांचं नाही. त्या छटा यंत्र कशी बनवतं ते पाहावं: टायटॅनियमच्या पांढऱ्यात पिवळ्या ऑक्साइडचे, लाल ऑक्साइडचे आणि काळ्याचे काही थेंब. पिवडी, गेरू आणि काजळीच, फक्त कारखान्यातून आलेली. झगझगीत शुद्ध पांढरा घरात बहुतेकांना दवाखान्यासारखा वाटतो आणि ते यंत्राकडून चुन्याची जुनी झाक विकत घेतात, जी घालवण्यासाठी पूर्वी बादलीत नीळ पडायची. ही सवय खोलवरची आहे, पण सवयच आहे. पुढची पिढी मोबाइलच्या निळसर पडद्याला सरावलेली असेल तर तिचा घरगुती पांढरा वेगळा असू शकतो. रंगांची प्रमाणित कार्डं काढणाऱ्या पँटोन कंपनीने २००० सालापासून दरवर्षी ‘वर्षाचा रंग’ जाहीर करायला सुरुवात केली आणि पहिला मान आकाशी सेरुलियनला दिला. आपल्या चाळींनी हा प्रयोग निळीच्या पुडीवर केव्हाच उरकला होता.

ज्याला आज रंग निवडायचा आहे त्याने कार्डावरच्या नावापेक्षा तो कशात कालवलेला आहे आणि कशावर बसणार आहे हे आधी विचारावं. ऑक्साइडचे रंग ऊन लागणाऱ्या भिंतीवर तग धरतात. काही झळझळीत सेंद्रिय लाल-पिवळे तिथेच आधी विटतात, मग दोष फॅशनला दिला जातो. दुकानातल्या ट्यूबखाली जुळणाऱ्या दोन छटा घरातल्या पिवळ्या दिव्याखाली जुळतीलच असं नाही, म्हणून नमुन्याचा हात घरच्या भिंतीवर देऊन तो सकाळी आणि दिवे लावल्यावर असा दोन्ही वेळा पाहावा. आणि भिंत जुनी, चुनेगच्ची असेल तर तिच्यावर प्लास्टिक पेंट मारू नये. अशा भिंतीतला ओलावा पृष्ठभागातून बाहेर पडत असतो. वर न झिरपणारा थर बसला की तो आत कोंडतो, आणि दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात.