दुर्बीण घशाखाली उतरते तेव्हा : अन्ननलिकेतील उजेडाचा इतिहास (धागा)

कोरेगाव हे पुणे–मिरज लोहमार्गावरील एक स्थानक. १८९४ मध्ये विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशनचे रुग्णालय सुरू केले आणि सातारा-सांगलीकडील माणसाला अवघड दुखण्यासाठी जाण्याचे एक ठिकाण मिळाले. त्या काळी अन्ननलिकेच्या कर्करोगाचा संशय रुग्णाच्या सांगण्यावरूनच येई. आधी भाकरीचा घास अडकतो, मग भात, शेवटी पाणीही उतरत नाही. परंतु घास अडकू लागतो तो नळी बरीच अरुंद झाल्यावर. तक्रार सुरू होते तेव्हा रोग जुना झालेला असतो. त्या आधीच्या मुक्या काळाचा हा इतिहास आहे.

१८६८ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे अडोल्फ कुसमाउल यांनी ताठ धातूची नळी जठरापर्यंत उतरवून पाहिली. त्यासाठी त्यांनी माणूस निवडला तो तलवार गिळण्याचे खेळ करणारा! नळी गेली, पण दिव्याचा उजेड आत पुरेना. पुढे १९३२ मध्ये रुडॉल्फ शिंडलर यांनी अर्धवट वाकणारी दुर्बीण वापरात आणली, तरीही जठराचे काही कोपरे नजरेआडच राहिले.

उजेडाला वळण घ्यायला शिकवले ते काचतंतूंनी. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांचा काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्यावरचा लेख १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. तो वाचून अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी लवचीक दुर्बीण घडवली आणि १९५७ मध्ये ती प्रथम स्वतःच गिळली. १९८३ मध्ये दुर्बिणीच्या टोकाशी इलेक्ट्रॉनिक कॅमेरा आला, तेव्हापासून प्रतिमा पडद्यावर दिसू लागली.

साधनांची ही वंशावळ बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. मला मात्र जपानमधील घडामोड अधिक मोलाची वाटते. तेथे १९५० पासूनच जठरात उतरणारा लहानसा कॅमेरा होता. अशा हजारो छायाचित्रांच्या अभ्यासातून १९६२ मध्ये तेथील तज्ज्ञांनी ‘प्रारंभिक जठरकर्करोग’ म्हणजे काय हे ठरवले : आवरणाच्या वरच्या दोन थरांपलीकडे न गेलेला रोग. त्याची उंचवटा, सपाट, खोलगट अशी रूपेही नोंदली गेली. ज्याला नाव नव्हते, ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असूनही निसटत होते.

सपाट डाग तरीही फसवाच. निरोगी त्वचेत तो विरून जातो. त्यावर उपाय निघाला रंगाचा. पॅरिसचे वैद्य ल्युगोल यांनी १८२९ मध्ये तयार केलेले आयोडीनचे द्रावण अन्ननलिकेवर फवारले की निरोगी पेशी त्यांच्यातील ग्लायकोजेनमुळे तपकिरी होतात. बिघडलेला भाग फिकट राहतो. जठरात आणि मोठ्या आतड्यात इंडिगो कार्मिन वापरतात. हे निळीचेच रासायनिक अपत्य. ज्या निळीसाठी चंपारणचा शेतकरी भरडला गेला, तिचा रंग आतड्याच्या सूक्ष्म खाचांत साचून त्यांची नक्षी उठावदार करतो.

१९९९ पासून काझुहिरो गोनो आणि यासुशी सानो यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. रंग ओतण्याऐवजी त्यांनी प्रकाशच गाळला. ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचे निळे-हिरवे अरुंद पट्टे रक्तातील हिमोग्लोबिन चांगले शोषते. निळा प्रकाश फार खोल जात नाही, त्यामुळे वरच्या केशवाहिन्या तपकिरी होऊन उठून दिसतात. रोगाच्या आरंभी या वाहिन्यांची ठेवण बिघडते, आणि तीच तज्ज्ञाला खूण देते. शंभराहून अधिक वर्षे उजेड वाढवण्याची धडपड चालली होती. इथे तो कमी केल्याने अधिक दिसू लागले.

तरीही दुर्बिणीखाली येतो तो कोण? बहुधा ज्याचा घास आधीच अडकला आहे तोच. बार्शीत १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली, ती मुळात या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. बार्शी, भूम आणि परांडा तालुक्यांतील ३४६ गावांत कार्यकर्ते फिरत, लोकांना लक्षणे समजावत, नोंदी घेत. त्या नोंदींत अन्ननलिकेचा कर्करोग ठळकपणे आहे. मशेरी आणि तंबाखू-चुना घरोघरी असलेल्या आपल्या भागात हे वाचून कुणाला नवल वाटणार नाही.

सरसकट सर्वांना दुर्बीण घालावी, असे कोणी म्हणत नाही. तसा खर्च आणि तेवढे तज्ज्ञ कुठून आणणार? २०१६ च्या राष्ट्रीय तपासणी आराखड्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांचा समावेश झाला. तोंडासाठी आरोग्यसेविकेला टॉर्च पुरतो. अन्ननलिका घशाच्या खाली, टॉर्चच्या पलीकडे राहिली. तिच्या बाबतीत अजूनही बहुतेकदा भाकरीचा घासच पहिली खबर देतो.