दाबोळीवरचे आकाश

सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाले ते स्वयंसेवकांच्या बळावर, विमानांविना. गोव्याची हवाई मोहीम मात्र दुरून चालली. तिची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. विमाने पुणे आणि बेळगावजवळील सांबरा येथे जमविली होती. आज्ञा नेमकी होती : दाबोळीची धावपट्टी निकामी करावी, पण इमारतीस धक्का लागू नये, दमण-दीवच्या विमानतळांवर पूर्वपरवानगीवाचून हल्ला करू नये. असले शेरे लिहिण्यात आमची हयात गेली. ते युद्धातही असतात, याचे नवल वाटते.

१८ डिसेंबर १९६१ रोजी १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीवर ६३,००० पौंडांचे बॉम्ब टाकले. ६ हंटरांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उडविले. हा दुसरा घाव आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. सालाझार लिस्बनहून अखेरपर्यंत लढण्याचे फर्मान धाडीत होते. त्या फर्मानांचा एक मोठा दुवा तुटला. संयमाची किंमतही पडली. न फोडलेली दोन पोर्तुगीज विमाने त्याच रात्री अधिकाऱ्यांची कुटुंबे घेऊन, धावपट्टीच्या उरल्या तुकड्यावरून कराचीकडे निसटली. १९ तारखेच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा शरण आले.