थंबस्टिक एक्स्टेंडर
थंबस्टिक एक्स्टेंडर हे गेमपॅडच्या थंबस्टिकवर बसवून तिची उंची वाढवणारे रबरी किंवा प्लॅस्टिकचे सुटे उपसाधन आहे. १९९७ साली सोनीने ड्युअलशॉक गेमपॅड बाजारात आणल्यानंतर दोन अ‍ॅनालॉग स्टिकांची रचना रूढ झाली. मोटारशर्यतीच्या खेळांत सहसा डाव्या स्टिकच्या कलानुसार गाडीची चाके वळतात. टेकूबिंदूपासून स्टिकची उंची दुप्पट केल्यास तेवढ्याच कलासाठी अंगठ्याला दुप्पट अंतर कापावे लागते, मात्र जोर निम्माच लागतो. त्यामुळे लांब वळणावर सूक्ष्म नियंत्रण साधते. याउलट, घसरलेली गाडी सावरताना स्टिक झटकन विरुद्ध बाजूस नेणे अवघड होते. एक्स्टेंडरमुळे सेन्सरची अचूकता वाढत नाही. स्टिकच्या मध्याजवळील निष्क्रिय क्षेत्रही तेवढेच राहते. ते अनेक खेळांच्या सेटिंगमधून स्वतंत्रपणे बदलता येते.