सॉफ्टवेअर निवडण्याआधी थोडा इतिहास

नोट्स लिहायला कुठलं ॲप घेऊ? हिशोबाला कुठलं? मराठी टाइप करायला कुठलं बरं? आपल्यापैकी प्रत्येक जण हे कधी ना कधी विचारतो. मग चर्चा सुरू होते: फुकट आहे का, दिसायला छान आहे का, फोनवर चालतं का. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच असायला हवा. पण त्यासाठी आधी नांदेड-लातूरकडे एक चक्कर मारू.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभार उर्दूत चालायचा आणि मराठी कागद बऱ्याचदा मोडीत लिहिले जायचे. पुढे शाळेत देवनागरी आली आणि मोडी मागे पडली. परिणाम काय झाला, तर पणजोबांचा कागद घरात आहे, धड आहे, भाषाही आपलीच आहे, पण वाचता येत नाही! २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या जाणकारांची मदत घ्यावी लागली. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, मुद्दा एवढाच की घरातल्या मुलाचा दाखला एका ओळीवर अडकू शकतो आणि ती ओळ वाचायला तिऱ्हाईत माणूस लागतो.

याचा ॲपशी काय संबंध? आहे ना! हाच प्रकार आपण कॉम्प्युटरवर पुन्हा एकदा केला.

१९९० च्या दशकात गावोगावी डीटीपीची दुकानं निघाली. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल सगळं तिथे व्हायचं. तेव्हाच्या विंडोजला देवनागरी कळत नव्हती. मग आपल्या लोकांनी एक नामी युक्ती काढली: इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. म्हणजे कॉम्प्युटरला वाटतं की इंग्रजी चाललंय, आणि कागदावर छापून येतं मराठी. खरं तर भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं सरकारी मानक १९९१ मध्येच आलं होतं. पण दुकानदाराला हवी होती छपाई, आणि ती फॉन्टने झकास व्हायची. शिवाय प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी. महागड्या पॅकेजबरोबर तर कॉम्प्युटरच्या मागे लावायचा डोंगलही यायचा. तो नसेल तर पॅकेज चालायचं नाही.

आता गंमत बघा. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी हे नाव ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने सगळ्या देशाला कळलं. हेच नाव कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलं तर फाइलमध्ये काय साठतं? एफ, डी, मोठा वाय, छोटा वाय, के, जे, एच. बस्स. फॉन्ट काढून घ्या, नाव गेलं. त्यात वेलांटी कागदावर क च्या आधी दिसते म्हणून फाइलमध्येही आधी साठते. त्यामुळे शोधणं, अकारविल्हे लावणं, सगळ्याचाच बोऱ्या. आजही अशा फाइलपासून केलेली पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण त्यातला मजकूर कॉपी करून दुसरीकडे टाकला की तिथे नुसती इंग्रजी खिचडी उतरते.

यातून सुटका केली युनिकोडने. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीवरच बेतलेली होती. क चा क्रमांक जगभर एकच, ०९१५. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली. एक्सपीला मात्र सीडी शोधून जास्तीच्या फाइली टाकाव्या लागायच्या, आठवतंय का कुणाला? २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला. मूळचं कन्नडसाठी केलेलं बरहा आपणही वापरलं, आणि गमभनने तर ब्राउझरमध्येच मराठी लिहायची सोय केली.

इथे एक फार महत्त्वाची गोष्ट झाली. तुम्ही इनस्क्रिप्टने लिहा, रेमिंग्टनने लिहा, नाहीतर इंग्रजी स्पेलिंगने, फाइलमध्ये साठणारं किल्लारी एकच. म्हणजे टाइप करायचं साधन हा निव्वळ आवडीचा भाग झाला. गूगलने विंडोजसाठीचं आपलं ऑफलाइन इनपुट टूल २०१८ मध्ये बंद केलं तेव्हा सवय मोडली म्हणून लोक चिडले, पण त्यावर लिहिलेला एक शब्दसुद्धा गेला नाही. कृतिदेवच्या फाइलींचं नशीब एवढं चांगलं नव्हतं.

तर मंडळी, पहिला प्रश्न हा: उद्या हे ॲप बंद पडलं, तर माझं लिखाण माझ्याकडे कुठल्या रूपात उरेल?

तपासायला दहा मिनिटं लागतात. नव्या ॲपमध्ये चार ओळी मराठीत लिहा, एक्सपोर्ट करा आणि ती फाइल पूर्णपणे वेगळ्या प्रोग्राममध्ये उघडा. नोट्स असतील तर साधी टेक्स्ट फाइल मिळाली पाहिजे, घरखर्च असेल तर सीएसव्ही, फोनमधले नंबर असतील तर व्हीकार्ड. जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर आहेत ना, ते बघा. एक्सपोर्टचं बटणच नसेल, तर ते ॲप कितीही देखणं असो, त्यात आयुष्यभराचा हिशोब ठेवू नका. फुकट की विकत, हा प्रश्न त्यानंतरचा. अडकवणारी फुकट सॉफ्टवेअरं असतात आणि मोकळं सोडणारी विकतचीही असतात.

आणि जुन्या फाइलींचं काय? गावाकडे कुणाचा कवितासंग्रह, कुणाची वंशावळ, कुणाच्या संस्थेचा इतिहास अजून जुन्या फॉन्टमध्ये पडून असेल. कन्व्हर्टर आज मिळतात. बदललेला मजकूर एकदा डोळ्यांखालून मात्र घालावा लागतो, कारण वेलांटी आणि रफार हमखास घसरतात. टाइप करणारी माणसं अजून आहेत, कुठली फाइल कुठल्या फॉन्टमध्ये आहे हे त्यांना आठवतं. दिवाळीला घरी जाल तेव्हा एक पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्याकडे जरूर जा.