'ट्रान्सफॉर्मर' (१९७२) : एका कलाजीवनाच्या पुनरुत्थानाचे परीक्षण

इ. स. १९७२ या एकाच वर्षात अमेरिकन गायक-गीतकार लू रीड याच्या दोन ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाल्या. दोहोंची प्रकाशक कंपनी एकच, आर. सी. ए.; दोहोंचे ध्वनिमुद्रण लंडन शहरीच झालेले; आणि दोहोंमध्ये त्याच्या पूर्वीच्या वाद्यवृंदाच्या काळात रचलेली जुनी गीते समाविष्ट झालेली. पहिली ध्वनिमुद्रिका त्याच्या स्वतःच्याच नावाने वसंतऋतूत निघाली आणि अमेरिकेतील 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या यादीत १८९ व्या क्रमांकापलीकडे तिची मजल गेली नाही. दुसरी, 'ट्रान्सफॉर्मर', नोव्हेंबर महिन्यात निघाली. तिने त्याच यादीत २९ वा आणि ब्रिटनच्या यादीत १३ वा क्रमांक गाठला. कर्ता एक, वर्ष एक, नगर एक. मग फलात एवढे अंतर का पडावे, हा प्रश्न लोकप्रिय संगीताच्या इतिहासकारास सहजच पडतो.

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर असे की, डेव्हिड बोवी या उदयोन्मुख ब्रिटिश गायकाने रीडला हात दिला आणि ग्लॅम रॉक या तत्कालीन संप्रदायाची झळाळी त्याला प्राप्त करून दिली. हे उत्तर असत्य नव्हे. परंतु ते अपुरे आहे. बोवीने रीडला दिले ते बव्हंशी पूर्वी रीडकडूनच घेतलेले होते, ही गोष्ट त्यात दृष्टीआड होते. आणि ध्वनिमुद्रिका प्रत्यक्ष घडविण्यात ज्याचा वाटा फार मोठा होता, तो मिक रॉन्सन त्यात जवळजवळ लुप्तच होतो. या दोन्ही गोष्टींचा विचार केल्याखेरीज 'पुनरुत्थान' या शब्दाचा खरा अर्थ उलगडणार नाही.

रीडचा जन्म २ मार्च १९४२ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. सिराक्यूज विद्यापीठात शिकत असता कवी डेल्मोर श्वार्त्झ याचे अध्यापन त्याला लाभले आणि सामान्य बोलीत गंभीर आशय मांडण्याची दृष्टी त्याला तेथे मिळाली. १९६४ मध्ये पदवी घेतल्यावर तो पिकविक नावाच्या कंपनीत गीतकार म्हणून नोकरीस लागला. चालू फॅशनच्या गाण्यांची नक्कल करून स्वस्त तबकड्या बाजारात आणणे हा त्या कंपनीचा व्यवसाय होता. एकीकडे श्वार्त्झचे संस्कार आणि दुसरीकडे बाजारपेठेची ही उमेदवारी, अशा दोन परस्परविरुद्ध शिक्षणांतून रीडची घडण झाली. पुढे 'ट्रान्सफॉर्मर'मध्ये ही दोन्ही शिक्षणे एकत्र उपयोगास आली, हे येथेच ध्यानात ठेवावयास हवे.

जॉन केल या वेल्श संगीतकाराच्या साहचर्याने रीडने 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' हा वाद्यवृंद उभा केला. चित्रकार अँडी वॉरहॉल याने त्याला आश्रय दिला. मार्च १९६७ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत मादक द्रव्यांचे व्यसन, विकृत कामवासना, महानगरातील एकाकीपण असे विषय कसलाही उपदेश न करता मांडलेले होते. ती 'बिलबोर्ड'च्या यादीत १७१ व्या क्रमांकावर थांबली. १९६८ मध्ये केल बाहेर पडला आणि ऑगस्ट १९७० मध्ये स्वतः रीडनेही वाद्यवृंद सोडला. त्यानंतर तो लाँग आयलंडवर आईवडिलांच्या घरी परतला आणि हिशेबनीस असलेल्या वडिलांच्या कचेरीत टंकलेखकाचे काम करू लागला. वेतन आठवड्यास ४० डॉलर होते. तिशीच्या उंबरठ्यावरील या कवीचे सार्वजनिक जीवन संपुष्टात आले, असे त्या वेळी कोणासही वाटले असते.

याच काळात अटलांटिकच्या पैलतीरी एक निराळीच घटना घडत होती. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची पहिली ध्वनिमुद्रिका बाजारात येण्यापूर्वीच तिची एक चाचणी-तबकडी बोवीच्या व्यवस्थापकाने १९६६ च्या अखेरीस न्यूयॉर्कहून लंडनला आणली होती. अमेरिकेत ज्या गीतांकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही, त्यांचा तरुण बोवीवर खोल परिणाम झाला. १९७१ च्या प्रारंभी न्यूयॉर्कला गेला असता त्याने या वाद्यवृंदाचा कार्यक्रम ऐकला आणि नंतर ज्याला तो रीड समजून बोलत राहिला तो वस्तुतः डग यूल हा दुसराच सभासद होता. रीड केव्हाच बाहेर पडला होता. हा प्रसंग बोवीनेच पुढे सांगितला आहे. गमतीचा भाग सोडला तरी त्यातून एक तथ्य निदर्शनास येते : लू रीड ही व्यक्ती अज्ञातवासात गेली असतानाही त्याची प्रतिमा परदेशात वाढतच होती. डिसेंबर १९७१ मध्ये निघालेल्या बोवीच्या 'हंकी डोरी'तील 'क्वीन बिच' हे गीत उघडउघड व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या वळणाचे होते, आणि हे ऋण त्याने वेष्टनावर नमूदही केले होते.

दरम्यान आर. सी. ए. ने रीडशी करार केला आणि त्याची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत तयार झाली. 'येस' या वाद्यवृंदातील स्टीव्ह हाऊ आणि रिक वेकमन यांच्यासारखे कुशल वादक तिच्यात सहभागी होते. तरीही ती अयशस्वी ठरली. रीडचा आवाज अल्पविस्ताराचा आहे. तो गाण्यापेक्षा सांगतो. अशा आवाजाभोवती मोकळी जागा राखावी लागते. त्या ध्वनिमुद्रिकेत वादन होते, वादकांचे नैपुण्यही होते. पण ती मोकळी जागा नव्हती. तिला तयार श्रोतृवर्गही नव्हता.

हा श्रोतृवर्ग निर्माण केला ग्लॅम रॉकने. मार्च १९७१ मध्ये मार्क बोलन हा 'टी. रेक्स'चा गायक चेहऱ्यावर चमकी लावून ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात आला, तेथून या संप्रदायाचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. ६ जुलै १९७२ रोजी बोवीने त्याच कार्यक्रमात 'स्टारमॅन' सादर केले. रंगविलेला चेहरा, उंच टाचांची पादत्राणे आणि स्त्रीपुरुषभेद पुसट करणारा वेष ही या संप्रदायाची बाह्य लक्षणे होत. त्यामागील भूमिका अशी की, रंगमंचावरील कृत्रिमता ही लपविण्याची वस्तू नसून मिरविण्याची वस्तू आहे. वॉरहॉलच्या न्यूयॉर्कमधील 'फॅक्टरी' या कार्यशाळेत हीच भूमिका काही वर्षे आधी प्रत्यक्ष जगली जात होती आणि रीड तिचा साक्षीदार होता. तेव्हा ग्लॅम रॉकमध्ये रीडचा प्रवेश हा परक्या घरातील प्रवेश नव्हता. त्या घराच्या पायातील काही दगड त्याचेच होते.

८ जुलै १९७२ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये देवमाशांच्या रक्षणार्थ झालेल्या मदत-कार्यक्रमात बोवीने रीडला आपल्यासमवेत रंगमंचावर आणले. पुढच्याच महिन्यात सोहो भागातील ट्रायडंट स्टुडिओत 'ट्रान्सफॉर्मर'चे काम सुरू झाले. निर्माते म्हणून बोवी आणि रॉन्सन या दोघांची नावे आहेत. ध्वनितंत्रज्ञ केन स्कॉट होता. रीड ३० वर्षांचा, रॉन्सन २६ चा आणि बोवी अवघा २५ चा होता.

रॉन्सन हा इंग्लंडमधील हल या बंदराचा रहिवासी. १९७० च्या आरंभी बोवीकडे येण्यापूर्वी तो हलच्या नगरपालिकेच्या बागांत माळीकाम करीत होता. गिटारवादक म्हणून त्याची ख्याती झाली. परंतु त्याचे अधिक महत्त्वाचे सामर्थ्य संगीत-संयोजनात होते. 'परफेक्ट डे' या गीतातील पियानोवादन आणि तंतुवाद्यांची योजना त्याची आहे. रीडचे शब्द येथे अगदी साधे : एका उद्यानात घालविलेला दिवस. त्या शब्दांखाली दडलेली व्याकुळता श्रोत्यापर्यंत पोहोचते ती रॉन्सनच्या तंतुवाद्यांमुळे. रॉन्सनची हलची बोली रीडला नीट समजत नसे, असे सांगतात. बोली न समजताही त्याने रीडच्या गीतांचा अर्थ अचूक ओळखला होता.

'वॉक ऑन द वाइल्ड साइड' या गीताची रचना याहूनही काटकसरीची आहे. हर्बी फ्लॉवर्स या वादकाने प्रथम डबल बास वाजवून मंद्र स्वर भरले आणि त्यांवर विद्युत् बासने दुसरी, घसरत जाणारी सुरावट ध्वनिमुद्रित केली. एकाच बैठकीत दोन वाद्ये वाजविल्यास मानधन दुप्पट मिळे, हे या कल्पनेमागचे कारण त्यानेच पुढे मोकळेपणाने सांगितले. गीताच्या शेवटी येणारे बॅरिटोन सॅक्सोफोन रॉनी रॉस याने वाजविले. बोवीला किशोरवयात सॅक्सोफोनचे धडे देणारा शिक्षक तो हाच. एवढ्या थोड्या सामग्रीवर रीडचा सांगण्याचा आवाज निश्चिंतपणे टेकतो. पहिल्या ध्वनिमुद्रिकेत जी मोकळी जागा नव्हती, ती येथे सापडली.

या तुलनेस आणखी एक बळकट पुरावा आहे. 'अँडीज चेस्ट' हे गीत जून १९६८ मध्ये वॉरहॉलवर झालेल्या गोळीबारानंतरचे असून व्हेल्व्हेट अंडरग्राउंडने ते १९६९ मध्येच ध्वनिमुद्रित केले होते. 'सॅटेलाइट ऑफ लव्ह'चेही १९७० मधील ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ही जुनी रूपे कालांतराने प्रसिद्ध झाली. त्यांच्याशी ताडून पाहिले असता 'ट्रान्सफॉर्मर'मध्ये गीतकाराची प्रतिभा नव्याने जागी झाली असे म्हणता येत नाही. ती झोपलेली नव्हतीच. बदलली ती मांडणी. 'सॅटेलाइट ऑफ लव्ह'च्या अखेरीस बोवीचा उंच चढत जाणारा साथीचा स्वर जुन्या रूपात नाही, आणि तो ऐकल्यावर त्याच्यावाचून हे गीत अपुरे वाटू लागते.

आशयाच्या दृष्टीने 'वॉक ऑन द वाइल्ड साइड'चे महत्त्व स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. नेल्सन ऑल्ग्रेनच्या १९५६ मधील कादंबरीवर संगीतिका करण्याची एक योजना होती. ती बारगळली आणि तिचे शीर्षक रीडने आपल्या गीतास दिले. गीतात फॅक्टरीच्या वर्तुळातील पाच खऱ्या व्यक्ती येतात. त्यांपैकी हॉली वुडलॉन, कँडी डार्लिंग आणि जॅकी कर्टिस या स्त्रीरूपाने वावरत होत्या. ज्यांचा उल्लेख तोवर पोलिसी नोंदीत वा कुचेष्टेत होत असे, त्या व्यक्ती येथे नावानिशी आणि निंदेवाचून घराघरांतील रेडिओवर पोहोचल्या. १९७३ मध्ये हे गीत अमेरिकेत १६ व्या आणि ब्रिटनमध्ये १० व्या क्रमांकापर्यंत चढले. अमेरिकेच्या पहिल्या ४० गीतांत रीडला मिळालेले हे एकमेव स्थान होय.

यशाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. मिक रॉक याच्या अतिप्रकाशित छायाचित्रातील पांढरा चेहरा आणि काळवंडलेले डोळे हीच आता श्रोत्यांच्या दृष्टीने रीडची ओळख झाली. १९७३ मध्ये त्याने 'बर्लिन' ही एका दांपत्याच्या विनाशाची कथा सांगणारी ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा अनेक समीक्षकांनी तिची निर्भर्त्सना केली आणि अमेरिकेत ती ९८ व्या क्रमांकावर अडली. १९७५ मध्ये तर 'मेटल मशीन म्युझिक' या नावाने त्याने तासाभराचा केवळ विद्युत्-गिटारींचा गोंगाट प्रसिद्ध केला. उसन्या प्रकाशाने मिळालेला चेहरा पुसून टाकण्याचा हा खटाटोप होता, असे मानण्यास जागा आहे. 'बर्लिन'ला न्याय मिळण्यास बराच काळ लागला. २००६ मध्ये ती संपूर्ण ध्वनिमुद्रिका रीडने ब्रुकलिनमध्ये रंगमंचावर सादर केली. तथापि ती सादर करण्याइतकी प्रतिष्ठा आणि तोवरची उपजीविका त्याला 'ट्रान्सफॉर्मर'नेच मिळवून दिली होती, हेही तितकेच खरे.

'परफेक्ट डे'चे उत्तरायुष्य याहून विलक्षण ठरले. १९७२ मध्ये ते 'वॉक ऑन द वाइल्ड साइड'च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूस होते. १९९६ मधील 'ट्रेनस्पॉटिंग' चित्रपटाने ते नव्या पिढीस ऐकविले आणि १९९७ मध्ये बी. बी. सी. ने अनेक गायकांकडून गाऊन घेतलेली त्याची आवृत्ती मुलांच्या मदतनिधीसाठी निघून ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. तीत रीड आणि बोवी दोघेही गायले. रॉन्सन मात्र ते ऐकण्यास नव्हता. २९ एप्रिल १९९३ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी कर्करोगाने त्याचा अंत झाला होता. २००१ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर'वर माहितीपट तयार झाला. त्यात वयोवृद्ध होत चाललेला रीड ध्वनिफितींतील एकेक स्तर वेगळा करून ऐकवितो, आणि शब्द व गायन बाजूस सारले म्हणजे रॉन्सनची तंतुवाद्ये एकटीच ऐकू येतात. त्या निर्मितीत कोणाचा किती वाटा होता, हे ठरविण्यास याहून विश्वसनीय साधन दुसरे नाही.

सारांश, 'ट्रान्सफॉर्मर'ने रीडचे कलाजीवन सावरले ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु एका दात्याने एका याचकाला वर काढले, अशी ती कथा नव्हे. रीडने न्यूयॉर्कमध्ये पेरलेले बी लंडनमध्ये उगवले, आणि त्याचे पीक त्याच्याच पदरी परत आले. ते पदरी पडेपर्यंत त्याला वडिलांच्या कचेरीतील टंकयंत्रापाशी बसावे लागले. आणि ते पीक काढणाऱ्या हातांपैकी दोन हात काही काळापूर्वी हलच्या बागांत माती उकरीत होते. रीडचे २७ ऑक्टोबर २०१३ रोजी आणि बोवीचे १० जानेवारी २०१६ रोजी निधन झाले. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेले नाव एकच असते. इतिहासाला मात्र लहान अक्षरांतील नावेही वाचावी लागतात.