पिकअपमधली काजळी : एका फिल्टरचा चाळीस वर्षांचा इतिहास

(१/९)
माझ्या मामांची डिझेल पिकअप तारापूर एमआयडीसीतून बोईसर स्थानकाजवळच्या गोदामापर्यंत माल वाहते. अंतर थोडे, फेऱ्या अनेक. गाडी २०२० नंतरची. तरीही डॅशबोर्डवर फिल्टरचा पिवळा दिवा वारंवार लागतो. एका मेकॅनिकने सल्ला दिला, "फिल्टर कापून टाका, कटकट मिटेल." हा फिल्टर खरोखरच बेभरवशाचा आहे का? उत्तरासाठी इतिहासात डोकावू या.

(२/९)
डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातील काजळी अडवणारा फिल्टर. मधमाशांच्या पोळ्यासारख्या त्याच्या नळ्या आळीपाळीने एकेका टोकाला बंद असतात. धूर सच्छिद्र भिंतीतून पार होतो, काजळी मागे उरते. ती वेळोवेळी जाळावी लागते आणि त्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. सगळी गुंतागुंत इथेच आहे.

(३/९)
१९८५ साली मर्सिडीज-बेंझने कॅलिफोर्नियातील डिझेल मोटारींना असा फिल्टर बसवला. तो टर्बोचार्जरच्या आधी होता. सिरॅमिकचे तुकडे सुटून टर्बोत शिरू लागले आणि अखेर ती रचना सोडून द्यावी लागली. म्हणजे मामांची तक्रार नवी नाही. तिचे वय चाळीस वर्षे आहे.

(४/९)
२००० साली प्यूजो ६०७ फिल्टरसह बाजारात आली. इंधनात सेरियमयुक्त द्रव्य मिसळून काजळी कमी तापमानाला जाळण्याची सोय तिच्यात होती. जाळण्याची वेळ संगणक ठरवी. धडा स्पष्ट होता : फिल्टर एकटा टिकत नाही. इंजिन, इंधन, तेल आणि प्रवास या चौघांनी त्याला सांभाळावे लागते.

(५/९)
आता भारत. दिल्लीच्या हवेसाठी एम. सी. मेहता सर्वोच्च न्यायालयात गेले तेही १९८५ सालीच. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ वाहने विकता येणार नाहीत. बीएस-५ हा टप्पा गाळून देश थेट बीएस-६ वर आला. डिझेलमधील गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर आली. इंधन सुधारले, चालकांना मात्र नव्या यंत्राची सवय होण्यास मधला काळ मिळाला नाही.

(६/९)
पालघरमधल्या दोन पिकअप डोळ्यांसमोर आणा. एक घोलवडचे चिकू घेऊन महामार्गाने मुंबईस जाते. तिचा धूर पुरेसा तापतो, काजळी वाटेतच जळते. दुसरी एमआयडीसीच्या फाटकांवर थांबत थांबत फिरते. काजळी जाळण्याची प्रक्रिया सुरू होते न होते तोच चावी फिरते. असे वारंवार झाले की फिल्टर तुंबतो. काही इंजिनांत त्यासाठी फवारलेले जादा डिझेल तेलातही झिरपते.

(७/९)
मात्र सगळा दोष चालकाचा नाही. बिघडलेला इंजेक्टर किंवा गळका टर्बो काजळी वाढवतो. दाब मोजणारा सेन्सर चुकला तरी दिवा लागतो. इंजिन तेलातून उरणारी राख तर जळतच नाही. म्हणून कमी राखेचे, कंपनीने सांगितलेलेच तेल वापरावे लागते. कारण न शोधता फिल्टरवर खापर फोडणे सोपे असते.

(८/९)
कापून टाकला तर? मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असा बदल करू देत नाही. पण आपली डिझेलची पीयूसी चाचणी धुराचा गडदपणा मोजते, सूक्ष्म कण मोजत नाही. फिल्टर नसलेली गाडीही तीत निसटू शकते. बेल्जियमने २०२२ मध्ये, नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ मध्ये तपासणीत कण मोजणे सुरू केले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले होते. तिथे कापलेल्या फिल्टरचा धूर आधी कोणाच्या छातीत जाणार? माल चढवणाऱ्या हमालाच्या आणि खुद्द चालकाच्या.

(९/९)
मामांनी फिल्टर कापला नाही. आधी सेन्सर तपासून घेतला, तेल बदलले. आता आठवड्यातून एक फेरी ते मनोरमार्गे महामार्गावरची घेतात आणि काजळी जळत असताना इंजिन बंद करत नाहीत. दिवा अजूनही अधूनमधून लागतो, पण कमी. १९८५ चा फिल्टर त्याच्या रचनेमुळे हरला होता. आजचा बहुधा आपल्या फेऱ्यांच्या आखणीमुळे हरतो, आणि ती आखणी बदलता येते.